शेपूट तुटलेली वहिनी

"दुकान तुमचं, गिऱ्हाईक तुमचं, मग वेबसाइटच्या पत्त्यात 'वहिनी' कशाला, भावजी?"

"वहिनी काय जगात तुम्ही एकट्याच? घराघरात एकेक आहे. शब्दावर कुणाची मालकी नसते." धाकटा दीर कानस घासता घासता बोलला. मान काही वर केली नाही.

नवरा गेल्यावर त्याचं चाव्या कापायचं यंत्र तिनं हाती घेतलं आणि साऱ्या शहराची वहिनी झाली. दीर तिच्याच हाताखाली तयार झालेला. दुकानाची वेबसाइट त्यानंच करवून घेतली आणि तिचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतलं. घरातलाच माणूस, वहिनीनं विचारलंसुद्धा नाही. पुढं त्यानं वेगळं दुकान मांडलं आणि जाताना पत्ता काखोटीला मारून नेला. आता दाराबाहेर अडकलेला माणूस मोबाइलवर शोधायचा वहिनीला, नि येऊन उभा राहायचा दीर. हात घाईचा. त्याची चावी कुलपात मोडली की शिव्या वहिनीला. गिऱ्हाईक तुटलं तर पुन्हा जोडता येतं, पण वहिनीची चावी मोडते हे लोकांच्या तोंडी बसलं की दुकान उठलंच.

वेबसाइटच्या पत्त्यावरून होणाऱ्या असल्या भांडणांना पंच असतात, हे वहिनीच्या लेकीनं शोधून काढलं. रीतसर तक्रार केली. पंचबाई भेटल्या त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर. शेजारच्या दोन चौकटींत दीर आणि भावजय.

"नातं आहे ते, बाई," दीर म्हणाला. "साधा बोलण्यातला शब्द घेतला मी. त्यात चोरी कसली?"

म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. पंचबाईंनी मान डोलावली, तशी वहिनीशेजारी बसलेल्या लेकीच्या तोंडावरची रया गेली.

वहिनीनं खिळ्यावरची एक चावी काढून कॅमेऱ्यापुढं धरली. "यावरचा ठसा वाचा."

इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'VAHIN', वहिन.

"ठसा करणाऱ्याला शेवटचं 'आय' अक्षर बसवता आलं नाही. ही माझी शेपूट तुटलेली वहिनी. आपलं काम आपल्याला ओळखू यावं म्हणून पहिल्यापासून दर चावीवर मारते. ह्यांच्या पत्त्यात बघा, तिथंही शेपूट नाही. बोलण्यातलाच शब्द घ्यायचा होता तर धड तरी घ्यायचा."

पंचबाईंनी चष्मा सारखा केला. "ते अक्षर कुठं गेलं?"

"टायपिंगची चूक," दीर म्हणाला.

"भावजी, ह्याच ठशावरून मला चिडवायचं कोण? नवा करून घ्या, लोक हसतात, असं म्हणायचं कोण?"

दीर कागद चाळल्यासारखं करत राहिला. खोटं बोलायची तयारी करून आला होता, पण वहिनी समोरून बघत होती.

"मीच चिडवायचो," तो म्हणाला.

पत्ता वहिनीच्या नावावर करून द्या, असा निकाल आला. त्यानं तसं केलं आणि वहिनीला फोन लावला. "आता मी काय नाव लावू?"

"आईबापांनी ठेवलंय ते लावा की. काय वाईट आहे? आणि कानस जरा हलकी धरत जा. चावी आहे ती, कुणाचा गळा नव्हे."

तो हसला की काय, कळलं नाही, कारण मध्येच दुसरा फोन वाजायला लागला. एक गृहस्थ अंघोळीच्या टॉवेलवर दाराबाहेर आलेले आणि मागं वाऱ्यानं दार लागलेलं.

"टॉवेल घट्ट धरा, दादा. आलेच," म्हणत वहिनीनं पिशवी खांद्याला अडकवली.