थेट कारण

दुपारचे अडीच वाजले आहेत. ड्यूटी रूममधला पंखा कुरकुरत फिरतो आहे आणि डॉ. सुकन्या ढवळे टेबलावर डोकं टेकते. पाचच मिनिटं, असं ती स्वतःला बजावते. समोर भानुदास वायदंडेची डेथ समरी पडली आहे. पाण्याच्या टाकीला रंग देताना परांचीवरून पडलेला हा रंगारी नऊ दिवस झुंजला आणि आज सकाळी गेला. शवविच्छेदनाआधी कागद पूर्ण व्हायला हवा, आणि 'मृत्यूचे थेट कारण' ही एकच ओळ कोरी आहे.

"उटू नगा," भानुदास म्हणतो. तो समोरच्या खाटेवर मांडी घालून बसला आहे. मोडलेल्या कंबरेनिशी हे शक्य नाही, पण सुकन्या हरकत घेत नाही. "काय लिवताय?"

"हृदयक्रिया बंद पडली."

"ती समद्यांचीच पडती की ओ, मॅडम."

त्याचं खरंच आहे. अपघात वॉर्डात मेलेल्या प्रत्येकाच्या नशिबी हेच वाक्य येतं. ट्रकखाली सापडलेला असो की जिन्यावरून पडलेला, शेवटी हृदय बंद पडतं आणि डॉक्टर सुटतात.

ती उठते तर पायाखाली टाकीचा माथा. रंग ओला आहे. भानुदास ब्रश निथळत विचारतो, "हितनं पडलो. तवाच मेलो व्हय?"

"नाही. पहिले काही तास रक्तस्रावाचे. तुमची प्लीहा फाटली होती, ती आम्ही काढली. तेवढ्यातून तुम्ही वाचलात."

"आन् डोस्कं?"

"डोक्याला मार नव्हता."

"तरीच. चौथ्या दिशी च्या मागितला हुता म्या."

"दोन घोट दिलाही होता." चहाचं आठवून तिला वाईट वाटतं.

दोघं शिडी उतरतात ती थेट ऑपरेशन थिएटरमध्ये. तिथे दोरीवर हिरवी कापडं वाळत आहेत. भानुदासच्या मानेत औषधाची नळी अजून तशीच आहे, भोवतीची कातडी लालभडक.

"ही कवा बदलणार हुता?"

"सोमवारी. मी म्हटलं, उद्या बघू. बुधवारी तुम्हाला ताप भरला." सुकन्याला स्वतःचाच राग येतो. "जंतू रक्तात गेले. मग मूत्रपिंडं गेली, मग फुप्फुसं."

"आसं लिवा की मग."

"लिहिलं तर गुरुवारी मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतील."

"घिऊ द्यात." त्याच्या आवाजात ना राग, ना विनवणी. "माझी बायकू मंदा भाईर बसलीय. टाकीवर चढायला म्याच धाडलं, म्याच मारलं, म्हनून कपाळ बडवतीय. तिला वाचता यील आसं लिवा."

"मॅडम, बॉडी खाली न्यायचीय. समरी झाली का?" दारात सिस्टर नाडकर उभी आहे.

सुकन्या दचकून जागी होते. सिस्टर कागद उचलते, वाचते आणि पुन्हा वाचते. आयुष्यात सुकन्याने एकही समरी मराठीत लिहिलेली नाही. पण कोऱ्या ओळीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं आहे, शाई अजून ओली: 'मानेतली नळी वेळेवर बदलली नाही, त्यामुळे रक्तात जंतू झाले.'

"हे असंच जाऊ द्यायचं, मॅडम?"

"द्या इकडे," सुकन्या म्हणते, खाली सही करते आणि कागद घेऊन मंदाबाईंना शोधायला बाहेर पडते.