स्टुडिओतला काळा कोट

वडशाच्या स्टेशनासमोर माझ्या एका मित्राचा फोटो स्टुडिओ होता. वय जेमतेम बाविशीचं, पण गिऱ्हाइकांना मास्तरासारखा दटावायचा, "हासू नोका भाऊ, फोटो हालते." स्टुडिओत एकच काळा कोट होता, गावातले सगळे नवरदेव त्याच कोटात.

परदेशातल्या तरुण छायाचित्रकारांच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. विजेत्यांच्या पुस्तकात छापायला आयोजकांनी त्याचा स्वतःचा फोटो मागवला. तो बंडीवरच कोट चढवून ऐटीत बसला, कॅमेऱ्यामागे मी. तेवढ्यात मुलगी पाहायला निघालेला एक जण कोट मागायला आला. यानं लगेच काढून दिला.

"मंग तुया फोटोचं कसं?" मी विचारलं.

"मले कोन्ती पोरगी पाह्याची हाये?"

पुढे ते पुस्तक आलं. बाकीचे विजेते कोटात, गंभीर. आमचा एकटा बंडीत, दात काढून हसतोय. फोटो मात्र जरासुद्धा हललेला नाही.