ताईच्या व्हायोलेटपायी

घरातलं माणूस गेलं की लोकांकडे आठवणी जमतात. माझ्याकडे किस्से साचलेत, आणि सगळे एका रानटी जांभळ्या फुलापायी डोकं पिकल्याचे!

मी दहावी नापास, इकडे परदेशात, क्लेटनला वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. ताई तिथल्याच युनिव्हर्सिटीत त्या फुलावर, व्हायोलेटवर, पीएचडी करायची. एकदा घरी आली ती धुराचा वास घेऊनच. म्हणे, फुलांसाठी आम्ही माळावरचं गवत पेटवून आलो, दाट गवताखाली ती गुदमरतात. आईने चिंचवडहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, "तुला शिकायला पाठवलं की जाळायला?"

*

लॉकडाऊनमध्ये युनी बंद झाली तशी ताईने कुंड्या घरी आणल्या. मग तिला कोरोना झाला. हॉस्पिटलमधून तिचा शेवटचा फोन आला, तेव्हा मी विचारतोय श्वास कसा आहे, आणि ही म्हणते, "कुंड्या बघ रे."

बस. एवढंच.

*

उन्हाळ्यात कळ्या आल्या, पण एकही उघडेना. ताईच्या लॅबमधल्या नेहाला फोन करून मी भांडलो, की सगळी मेली. ती म्हणाली, उन्हाळ्यात ही झाडं कळी न उघडता आतल्या आत बी धरतात.

"मग त्याला फूल कशाला म्हणायचं?"

"तुझी ताईपण पहिल्या दिवशी हेच म्हणाली होती."

मी फोन ठेवून दिला.

*

मग बोंडं तडकून बी उडालं आणि मुंग्या आल्या. रांग थेट मागच्या दारापर्यंत, ताईच्या बुटांपर्यंत. आई म्हणाली, हळद टाक. मी आख्खं पाकीट रिकामं केलं. नेहाने व्हिडिओवर पाहून कपाळाला हात लावला. बीला तेलकट कण चिकटलेला असतो, त्यासाठी मुंग्या ते उचलून नेतात, कण खातात, बी टाकून देतात आणि तिथे रोप येतं. "त्याच माळी आहेत, गाढवा!"

मी पाइप लावून हळद धुतली. परसात पिवळा चिखल.

*

शेजारचा क्रेग तसा देवमाणूस. मी शिफ्टला गेल्यावर त्याने माझं परस आवरून दिलं. कुंड्यांतलं सगळं 'तण' उपटून हिरव्या बिनमध्ये! कचऱ्याची गाडीही येऊन गेलेली. वर म्हणतो, "नो वरीज, मेट."

मी त्याला मराठीत शिव्या घातल्या. थँक यू समजून तो हसला.

*

ताईचे फील्डचे बूट मागच्या दाराशी अजून तसेच आहेत, चिखलासकट. मी कोणाला हात लावू देत नाही. आई दर कॉलला म्हणायची, कोणाला तरी देऊन टाक, आणि दर कॉलला आमचं वाजायचं. पुढच्या लॉकडाऊनमध्ये, थंडी सरताना, असंच भांडता भांडता मी रागाने एक बूट उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. आतून हिरवी पानं वर आली होती. मधोमध एक जांभळं फूल.

आई स्क्रीनजवळ सरकली. मग म्हणाली, "पाणी घाल त्याला. हळद नको टाकू."