'जुनं'मध्ये जाऊन बसलेलं लग्न

आमचं दोंडाईचात लग्नाच्या शूटिंगचं दुकान. कॅमेरा सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, कॉम्प्युटर माझा. नाना काही म्हणजे काही पुसू देत नाहीत. लगीनसराईत डिस्क भरली की माझं डोकंच फिरतं. शेवटी मी कॉम्प्युटरला एका ओळीत हुकूम द्यायला शिकले: वर्षाहून जुन्या फाइली शोध आणि मोठ्या डिस्कवरच्या 'जुनं' फोल्डरमध्ये हलव. एंटर दाबलं की दुकान झाडल्यासारखं वाटतं, काय सांगू!

त्या दिवशी हुकूम देऊन मी निवांत चहा पीत होते. तेवढ्यात शिंदखेड्याच्या एक बाई आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न नानांनी नुकतंच शूट केलं होतं. मुलगी संध्याकाळच्या गाडीने सुरतला सासरी परत जाणार होती, तिच्यासोबत लग्नाचा पेन ड्राइव्ह पाठवायचा होता. तिकडून विहीणबाईंचे फोनवर टोमणे चालूच होते, तुमच्यामुळे मुहूर्त टळला म्हणून.

फोल्डर उघडलं. हळद होती, लग्नच नव्हतं! कॅमेऱ्याचं कार्ड तर मी कधीच पुसलेलं.

"नाना, मनी पोरनं लगन कोठे शे?" बाई कॅमेऱ्याची बॅग आवरणाऱ्या नानांकडे वळल्या.

मग सुचलं, अगं बाई, पुसलं कुठे, हलवलंय! 'जुनं' उघडलं, तर मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंत बठ्ठं, सगळंच्या सगळं तिथे. पण आत्ताचं लग्न जुनं कसं? पाहते तर व्हिडिओच्या कोपऱ्यात छापलेलं साल चक्क मागचं.

"नाना, कॅमेऱ्याच्या घड्याळाला कोणी हात लावला?"

नानांनी टोपी सारखी केली. "वरात नाचतच बसली ना बेटा. लग्न लागलं दुपारी दीडला. कोपऱ्यात दीड दिसलं असतं, तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून घड्याळ मागे घेतलं जरा. त्यात सालही सरकलं असेल."

"जरा?" मी आता चांगलंच तोंड सोडणार होते. पण बाई पडद्याकडे बघत होत्या. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, आणि कोपऱ्यात वेळ होती अकरा पस्तीस, अगदी पत्रिकेतली. बाईंना रडूच फुटलं.

पदराने डोळे पुसत त्या मला म्हणाल्या, "त्या सालावर फुलांची पट्टी टाक, बेटा. टाइम तेवढा दिसू दे."

मी गुमान गुलाबाची पट्टी शोधायला लागले.