पातळ रक्ताचा धसका

दिघोरीच्या घनश्यामला पातळ म्हणून काही चालत नाही. चहा असा लागतो की कपावर साय धरली पाहिजे, आणि वरण असं की भातावर वाढलं तर जागचं हलता कामा नये. एका सोयऱ्याच्या लग्नात वरण ताटाच्या काठापर्यंत धावत गेलं, तर हा गडी त्या सोयऱ्याला आजही नावं ठेवतो. नावातच घन घेऊन जन्माला आलेल्या माणसाला कोण काय समजावणार? मनानं मात्र मोकळा. बायकोवर त्याचा फार जीव, आणि तो जीव दाखवायची त्याला एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे तिच्या ताटात वाढत राहणं.

बायकोचं नाव देवकाबाई. लहानपणी तिचे सांधे सुजून ताप यायचा. त्या तापानं तिच्या काळजाची एक झडप कायमची खराब करून ठेवली होती, पण हे कळलं ते लेकीचं लग्न होऊन गेल्यावर. चार पावलं चालली की तिला धाप लागायची. शेवटी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात छाती उघडून खराब झडप काढली आणि तिच्या जागी धातूची बसवली. घनश्यामला भेटायला आत सोडलं तेव्हा खोलीत कुठंतरी टिकटिक चालली होती. त्यानं भिंतीकडे पाहिलं, तर घड्याळ नव्हतं. मग वाकून देवकाबाईच्या तोंडाजवळ कान नेला, तर टिकटिक तिच्या आतून येत होती. माणसानं घडवलेली एवढीशी चकती, आणि तिच्या जोरावर त्याची बायको श्वास घेत होती. कुणाला सांगावं ते सुचेना, म्हणून त्यानं तिथंच हात जोडले.

सुट्टी देताना सिस्टरनं एक गोळी दाखवली. तांदळाच्या कणीपेक्षा जरा मोठी असेल. ही रोज ठरल्या वेळी घ्यायची, जन्मभर. एखादा दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. अंगदुखीची गोळी किंवा कुणाचा झाडपाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. खाण्यापिण्यात एकदम फरक करायचा नाही, आणि रक्त तपासायला ठरल्या तारखेला यायचं. सिस्टर नीट समजावून सांगत होती, पण घनश्यामचं लक्ष तिच्या पहिल्याच वाक्यात अडकून पडलं होतं. ती म्हणाली होती, ही रक्त पातळ करायची गोळी आहे.

पातळ! घरी आल्यावर शेजारच्या मंदाबाईनं त्यात भरच घातली. "रगत पातळ झालं तं मानूस उभा कसा राहीन, भाऊजी?" ती म्हणाली. घनश्यामच्या डोळ्यांपुढं पाणी घातलेलं दूध आलं. तरी गोळी बंद करण्याइतका तो अडाणी नव्हता. डॉक्टरांनी दिली ती घ्यायचीच, पण गोळीनं जेवढं पातळ होईल तेवढं आपण घरी दाट करून घ्यायचं, असा तोडगा त्यानं मनाशी काढला आणि बायकोलासुद्धा सांगितला नाही.

दिवस थंडीचे होते. धान कापून झालं होतं आणि त्या मोकळ्या खाचरांत, बांध्यांमध्ये, लाखेच्या डाळीची लाखोरी हिरवीगार उठली होती. तिचे कोवळे शेंडे खुडून भाजी करतात, आणि हिरव्या भाजीनं रक्त वाढतं हे तर सगळेच सांगतात. आयुष्यात कधी भाजी खुडायला न वाकलेला हा माणूस रोज सकाळी दुपट्ट्यात शेंडे भरून आणू लागला. लसूण-मिरचीची फोडणी, वरून तांदळाच्या कण्या, आणि गोळा होईपर्यंत आटवलेली ती भाजी सकाळ-संध्याकाळ देवकाबाईच्या ताटात पडू लागली. "खाय, अंगात रगत भरते," तो म्हणायचा. तिलाही ती भाजी फार आवडायची, त्यामुळे कुणाचीच तक्रार नव्हती. रक्त तपासायची तारीख आली तेव्हा मळणी चालू होती. ती आटोपली की जाऊ, असं दोघांनी ठरवलं.

एका दुपारी देवकाबाई शेतावर जेवण घेऊन आली आणि बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसली. एवढंसं चालून ती दमली होती. वारा पडलेला होता, मळणीचं यंत्र जेवणासाठी बंद होतं. घनश्याम भाकरी मोडता मोडता थांबला. घरात, शेतात, कुठंही ती शेजारी बसली की तो आवाज त्याच्या कानावर असायचा, इतका की आता तो वेगळा ऐकूही येत नसे. आज तो नव्हता.

"देवका, तुया आवाज कुठं गेला वं?"

"बोलून तं राहिली मी."

"तो नाई. आतला."

दोघांनी कान दिला. छातीतून काहीतरी दबकं, कापडात गुंडाळल्यासारखं येत होतं. घनश्यामनं हात धुतले नाहीत. शेजारच्या बांधीतल्या खुशालला हाक मारली, त्याची गाडी काढायला लावली आणि सरळ नागपूर गाठलं.

तपासणीत दिसलं की झडपेवर रक्ताची गुठळी धरली होती आणि धातूची चकती पुरती हलत नव्हती. लगेच सलाईनमधून औषध सुरू झालं. लवकर आणलं म्हणून बरं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि विचारू लागल्या. गोळी चुकली का? नाही. दुसरं काही औषध, काढा, जडीबुटी? नाही. मग खाण्यात काही बदल? इथं घनश्यामची छाती फुगली. गोळीनं पातळ झालेलं रक्त आपण लाखोरीच्या भाजीनं कसं दाट करत होतो, ते त्यानं भरभरून सांगितलं. आपली शाबासकी होणार, असंच त्याला वाटत होतं.

बाईंनी समोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"दुधात पाणी घातल्यावर ते पातळ होतं, तसं हे नाही हो. रक्त आहे तसंच राहतं. गोळी फक्त त्याला विरजण लागू देत नाही. धातूवर रक्त लवकर गोठतं ना, म्हणून. आणि हिरव्या भाजीत जे असतं, ते विरजणाचं काम करतं."

"म्हंजे माया बांधीतला पाला," घनश्याम हळूच म्हणाला, "या गोळीले भारी पडला?"

"एवढा रोज घातलात तर पडणारच."

तो उठून बाहेर व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. जे आपण तिला जगवायला वाढत होतो त्यानंच ती जाणार होती, हे त्याच्या छातीत मावेना. औषधानं गुण आला. देवकाबाईच्या छातीत पुन्हा स्वच्छ टिकटिक सुरू झाली तेव्हा त्यानं बाईंना सांगून टाकलं, की भाजीचं आता घरात नाव काढणार नाही. बाईंनी नकारार्थी मान हलवली. तसंही करायचं नाही, त्या म्हणाल्या. एकदम बंद केली तर गोळीचा जोर वाढेल आणि रक्त वाहू लागलं तर थांबणार नाही. थोडी खायची, पण रोज सारखीच, आणि रक्त तपासून गोळी किती ते आम्ही ठरवू.

गावी परतल्यावर तो बांधीत गेला. जन्मभर त्यानं लाखोरी पायाखाली तुडवली होती, बैलांपुढं टाकली होती. तो खाली बसला, एक शेंडा खुडून तळहातावर घेतला आणि बराच वेळ पाहत राहिला. बोटभर पान, त्यात माणसाचं रक्त गोठवायची ताकद, आणि कणीएवढ्या गोळीत ते अडवायची. त्यानं शेंडा हळूच बांधीत ठेवला आणि पाऊल जपून टाकत धुऱ्यावर आला.

आता रक्त तपासायच्या तारखेपुढं मळणी थांबते. भाजी रोज होते, त्याच एका लहान वाटीनं. परवा देवकाबाईची वाटी संपली आणि तिनं ताट पुढं केलं.

"अजी, आनखी थोडी वाढा ना."

घनश्यामनं भाजीनं अर्धा भरलेला गंज आपल्याकडे ओढून घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला वाढायला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. तिला खरंच वाईट वाटलं. "येवढी भाजी हाय गंजात, अन् मलेच नाई," म्हणून ती रुसली आणि तिनं तोंड फिरवलं.

"रूस तू," घनश्याम म्हणाला. "रुसलेली चालशीन मले."

आणि तिच्या शेजारी बसून तो जेवू लागला.