पिवळ्या जर्सीवरची पैज

हे बायकोलाही ठाऊक नाही. गेल्या वेळी घरी गेलो तेव्हा एकदा अगदी ओठांवर आलं होतं. ती भाकऱ्या थापत होती, मी मागे पाटावर बसलो होतो. तिने मधेच कसलंतरी विचारलं आणि मी ते गिळून टाकलं. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आम्हा तिघांपैकी कुणालाच ओळखत नाही.

तिघे म्हणजे मी, फिलिप आणि सुरेश. मस्कतच्या हमरिया भागात तिसऱ्या मजल्यावर एक मोठी खोली, किचन आणि एक अरुंद गॅलरी. वादी कबीरच्या एका गॅरेजात आम्ही कामाला — मी गाड्यांचे पोचे काढणारा डेंटर, सुरेश पेंटर, फिलिप गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. फिलिप वसईचा, पन्नाशीला टेकलेला, मोजकं बोलणारा. सुरेश देवरुखचा, माझ्या शेजारच्या तालुक्यातला, आमच्यात सगळ्यात लहान. दोघांचं फार जमायचं. सुरेश त्याच्याकडून वायरिंग शिकायचा, तो सुरेशच्या हातचं कालवण खायचा.

करोनाचं पहिलं वर्ष. गॅरेज आठवड्यातून तीनच दिवस उघडायचं. जूनमध्ये माझे वडील गेले. विमानं बंद होती, मी इथेच राहिलो. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही. पुढे एका ठिकाणी लागेल म्हणून सांगतो.

ऑगस्ट संपता संपता फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत सुरू झाली. एरवी ती जुलैत असते, हेसुद्धा फिलिपनेच सांगितलं. त्याच्या बापाचं सायकलचं दुकान होतं, तरुणपणी हा स्वतः गावोगावच्या शर्यतींत पळालेला. सुरेशच्या लॅपटॉपवर आम्ही दुपारी ती लावायचो. रोज एक टप्पा, रोज एक विजेता. आणि सगळ्या टप्प्यांचा मिळून ज्याचा वेळ सगळ्यात कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. मला आधी हसूच आलं. शे-दीडशे माणसं सायकली मारतायत, यात बघायचं काय? पण चौथ्या दिवशी मीच तीन वाजायची वाट बघू लागलो. रस्त्याकडेला मास्क लावलेली माणसं, मागे हिरवे डोंगर — आम्ही महिनोन्‌महिने समोरच्या इमारतीचे एसी बघत बसलो होतो.

पैज लावायची कल्पना माझी. पैशांची नको, फिलिप म्हणाला, या देशात जुगार म्हणजे नसती आफत. मग कामं लावली. लिफ्ट बंद होती, तर हरणाऱ्याने पाण्याचा मोठा बाटला तीन मजले चढवायचा. भांडी. संडास धुणं. रोज प्रत्येकाने विजेत्याचं नाव सांगायचं, शेवटचे दहा किलोमीटर राहीपर्यंत ते बदलायची मुभा.

आणि फिलिप जिंकत राहिला.

एकदा, दोनदा — ठीक. पण रोज? मी नीट बघायला लागलो. संध्याकाळी शर्यत रंगात आली की हा फोन घेऊन गॅलरीत जायचा. दार ओढून घ्यायचा. पाठमोरा उभा, आवाज अगदी खाली. कधी सुरेशही त्याच्यामागून जायचा. मग दोघे आत यायचे, फिलिप क्षणभर पडद्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "हा नाही टिकणार. तो मागचा, निळ्या जर्सीवाला." आणि निळ्या जर्सीवालाच यायचा.

आमच्या लॅपटॉपवर चित्र जरा उशिरा येतं, हे मला माहीत होतं. मग फोनवर याला आधी कळत असेल तर? आणि सुरेशही सामील असेल तर? मी आत आलो की दोघे गप्प का होतात? एकदा फिलिप अंघोळीला गेला असताना मी त्याचा फोन उचलला. लॉक होता. आमच्या खोलीत कुणाच्याही फोनला लॉक नसायचा — याच्याच का? त्या दिवसापासून मला शर्यत दिसेनाशी झाली. मला फक्त गॅलरीचं दार दिसायचं.

पुढच्या आठवड्यात मी माझा पलंग पैजेवर लावला. एसीखालचा. सप्टेंबरातल्या मस्कतमध्ये तो पलंग म्हणजे काय, हे इथे राहिलेल्याला विचारा. हरलो. फिलिप म्हणाला, "राहू दे रे, तूच झोप." ते मला जास्त लागलं. मी हट्टाने गादी उचलली आणि दाराजवळ टाकली. सुरेश हसला. साधंच हसला असेल. मला मात्र ते दोघांचं मिळून हसणं वाटलं.

त्याच आठवड्यात फिलिपला भारतात जाणाऱ्या खास विमानात जागा मिळाली. रजेचा अर्ज मीही केला होता. त्याचा मंजूर झाला, माझा नाही. तो का निघालाय हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पुन्हा तेच — मला काही सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलेलं.

त्याला थोडा खोकला होता. एसीचा, धुळीचा, आम्हा सगळ्यांना असतो तसा. सुरेशने त्याला गोळ्या आणून दिल्या आणि माझ्यासमोर म्हणाला, "जाण्याआधी एकदा टेस्ट करून घे ना." फिलिपने मान हलवली.

शर्यतीत तो विश्रांतीचा दिवस होता. लॅपटॉपवर सांगत होते की एखाद्या संघात दोघे पॉझिटिव्ह निघाले तर अख्खा संघ घरी जाऊ शकतो, मग तो कितीही पुढे असो. मी ऐकत होतो. एका चाचणीवर पुढचा माणूस मागे पडतो. हे माझ्या मनात तेव्हाच आलं का? मी स्वतःला कितीदा विचारलंय. हो, तेव्हाच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या दुकानातून दूध आणायला गेलो आणि जिन्यात उभा राहून कंपनीच्या पीआरओला, म्हणजे आमचे व्हिसा-कागद बघणाऱ्या माणसाला, फोन केला. फिलिपला दोन दिवस ताप आहे म्हणालो. वास येत नाही म्हणतो, म्हणालो. विमान चुकेल म्हणून लपवतोय. ताप नव्हता. वासाचं तर मी तिथल्या तिथे रचलं. पीआरओने विचारलं, "पक्का?" मी म्हणालो, "पक्का." माझं नाव कुणाला सांगू नका, हेही म्हणालो. मग दूध घेऊन वर आलो आणि तिघांचा चहा ठेवला.

दुपारच्या आत गाडी आली. फिलिपला शहराबाहेर सीबला नेलं, कंपनीने तिथे एक जुना व्हिला घेतला होता. आम्हा दोघांना खोलीबाहेर पडायची मनाई. जाताना तो एवढंच म्हणत होता, "अरे, मला ताप नाही. हात लावून बघा." कुणी हात लावणार नव्हतं. ते दिवसच तसे होते. मीसुद्धा दोन पावलं मागे सरलो.

गाडी गेल्यावर सुरेश जमिनीवर बसला. मग त्याने सांगितलं. फिलिपच्या आईला करोना झाला होता, वसईच्या हॉस्पिटलात होती. संध्याकाळी नर्स तिच्या कानाशी फोन धरायची, म्हणून तो त्या वेळेला गॅलरीत जायचा. मला सांगितलं नाही, कारण माझे वडील नुकतेच गेलेले आणि मला जाता आलं नव्हतं. "फिलिप म्हणाला, त्याच्यापुढे हा विषय नको," सुरेश म्हणाला.

तेव्हा मी पीआरओला परत फोन करू शकत होतो. विमानाला तीन दिवस होते. खोटं बोललो म्हणालो असतो, तर नोकरी गेली असती — नाहीतर नसतीही. मी फोन केला नाही. लॅपटॉप लावला.

चाचणी निगेटिव्ह आली, पण चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. विमान गेलं. नवव्या दिवशी त्याची आई गेली. मातीही त्याने फोनवरच बघितली, सीबच्या त्या व्हिलात एकट्याने. शर्यतीचं म्हणाल तर शेवटून दुसऱ्या दिवशी एका नवख्या पोराने डोंगर चढून पिवळी जर्सी हिसकावली. पहिल्याच आठवड्यात फिलिपने त्याचं नाव भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. दोन आठवडे आधी कुणाच्या फोनवर निकाल येतो?

फिलिप परत आला तो वाळून आला होता. खोलीतूनच कुणीतरी फोन केला, एवढं पीआरओने त्याला सांगितलं होतं. आल्या आल्या त्याने सुरेशला विचारलं, "गोळ्या तू आणल्यास. टेस्टचं तूच बोललास. फोनही तूच केलास ना?"

सुरेशला आधी कळलंच नाही. मग तो रडकुंडीला आला. आईची शपथ घेतली. माझ्याकडे वळून म्हणाला, "तू सांग ना याला. तू होतास ना इथे."

मी भांडी घासत होतो. नळ चालू होता. मी म्हणालो, "मला काय माहीत." तीन शब्द. नळही बंद केला नाही.

दोघांचं बोलणं त्या दिवशी खलास झालं. सुरेशने कालवण करायचं सोडलं. डिसेंबरात तो नोकरी सोडून गावी गेला, विमानतळावर पोचवायला मी गेलो. त्याने मला मिठी मारली. त्याला माझा संशय आला नसेल का? मी त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला, पण वर मास्क होता.

फिलिप आणि मी अजून त्याच खोलीत राहतो. त्याने वसईला नेऊन मला घर दाखवलं, आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला माझ्या हातात दिली. मी लावली. कधी तो माझ्याकडे नुसता बघत बसतो आणि मला वाटतं, याला माहीत आहे. मग तो म्हणतो, "चहा टाकू का?"

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. शुक्रवारी आम्ही जेवून बसलो होतो, तो निमंत्रणांची यादी तपासत होता. एका नावाशी थांबला.

"सुरेशला बोलावू का रे? इतकी वर्षं झाली. कदाचित त्याने केलाही नसेल फोन."

मी म्हणालो, "कशाला जुनं उकरतोस? ज्याने केलं, त्याने केलं."

त्याने त्या नावावर बोट ठेवलं. मग ते खोडायला पेन मागितलं, आणि मी खिशातलं काढून त्याच्या हातात दिलं.