वहिनींच्या फोनमधली जागा

आमच्या अणदूरच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर मी दर सोमवारी फोनची किंवा कॉम्प्युटरची एक युक्ती टाकतो. अक्षर मोठं कसं करायचं, मराठीत टाइप करण्याऐवजी नुसतं बोलून कसं लिहायचं, बॅटरी लवकर उतरत असेल तर काय बंद ठेवायचं. फोन कुलूपबंद असतानाही अडीअडचणीला लेकाचा नंबर कसा दिसेल, हेही मी चित्रं काढून समजावलं आहे. लोकांना त्याचा उपयोग होतो. पण त्यातल्या एका सोमवारी मी खोटं लिहिलं. त्या खोट्यामुळे माझ्या थोरल्या वहिनींनी फोनला हात लावणं सोडलं, आणि त्या घरात एकट्या राहतात.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे त्याच्यावर कापड टाकून ठेवत, मी मात्र शिकलो. त्या कॉम्प्युटरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली. चुकून काही पुसलं तरी ते टोपलीत जाऊन बसायचं. साहेब ओरडायच्या आत मी ते उचलून जागेवर ठेवायचो. इतक्या वर्षांत त्या टोपलीनं मला कधी दगा दिला नाही. पुसलेलं परत येतं, हे माझ्या मनात तिथं पक्कं झालं.

रिटायर झाल्यावर हायवेच्या कडेच्या हॉटेलात आम्ही चार म्हातारे सकाळी चहाला बसू लागलो. ज्याचा फोन अडला तो माझ्यापुढं सरकवायचा. एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हर चाचा आहेत, त्यांनी माझं नावच ‘इंजिनेर साहेब’ ठेवलं.

"इंजिनेर साहेब, बघा जरा. ह्याचं इंजिन लई गरम व्हायलंय."

"चाचा, मागं वीस ॲप उघडी ठेवून झोपता तुम्ही."

"गाडी बंद करून झोपायचो तवा चोरी व्हायची. आता चालू ठेवून झोपतो."

सगळे हसायचे, मलाही बरं वाटायचं. नोकरीत कुणी साहेब म्हटलं नव्हतं.

माझे थोरले भाऊ, ह्या वहिनींचे यजमान, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, शेवटच्या वर्षी उपचारासाठी पुण्याला मुलीकडं होते. आमच्याकडं रविवारी खंडोबाची तळी उचलतात. ताम्हणात विड्याची पानं, खोबरं, भंडारा ठेवायचा, घरातल्या पुरुषांनी चारी बाजूंनी हात लावून ते उचलायचं आणि देवाचा येळकोट करायचा. वाटण्या झाल्यापासून दादांची तळी वेगळी आणि माझी वेगळी. ते पुण्याला गेल्यावर त्यांच्या घरात येळकोट करायला पुरुष माणूस उरलं नाही. वहिनींनी कुणाला बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. दादांनीच वाट काढली. दर रविवारी सकाळी ते पुण्याहून आपला येळकोट आवाजाच्या मेसेजमध्ये बोलून पाठवायचे. वहिनी फोन ताम्हणाशेजारी ठेवायच्या, तो चालू करायच्या, आणि दार लोटून घेऊन एकट्या तळी उचलायच्या. बाईनं तळी उचलली म्हणून लोक काय म्हणतील, ह्या भीतीनं त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मला तर नाहीच.

दादा गेले. त्यांचा फोन नातवाच्या अभ्यासासाठी द्यायचा ठरला, तो कोरा मीच करून दिला. वहिनी तेव्हा काही बोलल्या नाहीत. आता कळतं, त्यांच्या फोनमध्ये सगळं होतं म्हणून त्या निश्चिंत होत्या. त्या जुन्या आवाजावर रविवारची तळी तशीच चालू होती.

एके दिवशी त्यांचा फोन अडला. मुलीचा व्हिडिओ कॉल लागेना, फोटो उघडेना, सारखं ‘जागा शिल्लक नाही’ असं येऊ लागलं. त्यांनी मला बोलावलं. मी पिशवीत केबल घेऊन गेलो होतो. माझीच युक्ती होती ती: काही पुसायच्या आधी फोन केबलनं कॉम्प्युटरला जोडावा, सगळं तिकडं उतरवून घ्यावं, मग पुसावं. ग्रुपवर मी ती दोनदा टाकली होती. पण फोन जोडायचा तर तो माझ्या घरी न्यायला हवा होता, आणि लाइट गेलेली होती. ती येईपर्यंत थांबायचा मला कंटाळा आला. केबल पिशवीतच राहिली.

मी मेसेजच्या ॲपची साठवण उघडली. सुप्रभातची फुलं, देवांचे फोटो, कुणाकुणाच्या लग्नाचे व्हिडिओ. खाली आवाजाच्या फाइलींची रांग होती, सगळ्या साधारण सारख्याच लांबीच्या. मला वाटलं, एकच भजन दहा जणांनी पुढं ढकललंय. ऐकून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी सगळ्यांवर एकदम खूण केली आणि पुसून टाकलं.

"भाऊजी, पळायलाच लागला की हा!" वहिनींनी फोन हातात घेऊन बघितला आणि माझ्यासाठी चहा टाकला.

पुढच्या रविवारी सकाळीच त्या माझ्या दारात उभ्या. फोन पदराच्या टोकात धरलेला.

"भाऊजी, ह्यांचा आवाज दिसंना."

"कसला आवाज, वहिनी?"

मग त्यांनी तळीचं सगळं सांगितलं. उंबऱ्यातच, हळू आवाजात, आत माझी बायको ऐकेल म्हणून इकडं तिकडं बघत. मी फोन हातात घेतला. सगळीकडं शोधल्याचं दाखवलं. पण त्याआधीच मला कळलं होतं. तिथं कोपऱ्यात टोपली नव्हती. पुसलेलं कुठंही जाऊन बसलं नव्हतं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "वहिनी, तुमचंच कुठंतरी बोट लागलं असणार."

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. "असंल," म्हणाल्या. "मला कुठं काय कळतंय त्यातलं."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण माझ्या मनात धाकधूक होती की त्या मुलीला सांगतील, मुलगी कुणा जाणत्याला विचारेल, आणि फोन शेवटी कुणाच्या हातात होता ते बाहेर येईल. म्हणून मीच आधी बोललो. सोमवारी ग्रुपवर युक्ती टाकली: पुसण्याच्या खुणेवर नकळत बोट जाऊ देऊ नका, नाहीतर आमच्या वहिनींनी दादांचा आवाज घालवला तसं मोलाचं काही हातानं घालवून बसाल. हॉटेलात त्यावर हशा झाला. एकानं विचारलं, "वहिनींनी नवऱ्यालाच डिलीट केलं व्हय?" मीही हसलो.

ते वहिनींच्या कानावर गेलं. त्यांनी फोन बंद केला आणि स्टीलच्या डब्यात घालून फडताळात ठेवला.

तिथून माझी झोप गेली. पुण्याहून पुतणीचा फोन रोज मला येऊ लागला. "काका, आईचा फोन बंद लागतोय. जरा बघून याल?" मी जायचो. वहिनी ज्वारी निवडत बसलेल्या असायच्या. "लावा की वहिनी फोन, पोरगी काळजी करते." "नको भाऊजी. आणखी काय घालवीन." मी परत येऊन पुतणीला कळवायचो, आई बरी आहे. एखाद्या संध्याकाळी जायला जमलं नाही, पाहुणे आले किंवा गुडघा दुखला, की मला घरात बसवायचं नाही. त्या घरात त्या एकट्या, शेजार थोडा लांब, आणि फोन डब्यात. तो डब्यात मी घातला होता. चुलीवरून भांडं पडल्याचा आवाज आला तरी मला वाटायचं, त्यांच्याकडंच काहीतरी पडलं. खरं सांगून टाकावं असं रोज जाताना ठरवायचो. त्या चहा विचारायच्या आणि माझं धैर्य संपायचं.

आमच्या अणदूरचा खंडोबा वर्षातून काही दिवस नळदुर्गला मुक्कामाला जातो, त्या दिवसांतली गोष्ट. आदल्या संध्याकाळी मी गेलो नव्हतो. सकाळी पुतणीनं सांगितलं की आई स्वप्नात आली, तुम्ही आत्ता जाऊन बघा. मी चप्पल न घालता निघालो. दाराला आतून कडी. हाक मारली, उत्तर नाही. परत मारली. आतून अगदी बारीक आवाज आला, "भाऊजी, मागनं या."

मागची भिंत बुटकी आहे, तरी माझ्यानं ती ओलांडवेना. मी चाचांना फोन केला, ते आले, त्यांनी मला वर ढकललं. वहिनी न्हाणीत पडलेल्या होत्या. आदल्या संध्याकाळपासून. पाय वाकडा झाला होता, अंग गार. दोन खोल्यांपलीकडं फडताळात फोन होता.

चाचांनी कुणाची तरी गाडी मागून आणली आणि तेच चालवत सोलापूरला निघाले. वाटेतली तामलवाडी मागं पडली. मग वहिनींनी डोळे उघडले. "चाचा, हळू चालवा की. एसटी न्हाय ही." चाचांना हसू फुटलं. मला रडू आलं, पण मी खिडकीकडं तोंड केलं.

पायाला प्लास्टर झालं. पुतणी पुण्याहून आली. वहिनी घरी आल्यावर मी ठरवून, चहा विचारायच्या आत बोललो.

"वहिनी, दादांचा आवाज तुमच्या बोटानं गेला नव्हता. मी पुसला. जागा करताना. न ऐकता."

पुतणी दारातच थांबली.

"मग तवा का न्हाय बोललात?" वहिनींनी विचारलं.

"भ्यालो."

"कुणाला? मला?" त्या उशीवरून थोड्या उठल्या. "मी अडाणी, म्हणून ठोकून दिलं व्हय माझ्यावर? ह्या बाईला काय कळतंय म्हणून?"

त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला.

"दर रविवारी मी हे बोट बघायची, भाऊजी. लाटायला घेतलं तरी बघायची. ह्यांचं शेवटचं एक राहिलं होतं, ते ह्या बोटानं घालवलं म्हणून." त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही धाकटे दीर म्हणून म्या कधी तुम्हाला शब्द बोलले न्हाय. आज बोलते. जिथं हसलात तिथं जाऊन सांगा. मग जावा कुठं जायचं तिथं."

मी हॉटेलात सांगितलं. एकानं चहाचा कप खाली ठेवला आणि उठून गेला. चाचा म्हणाले, "साहेब, हसलो तर मी बी होतो." तेव्हापासून ते मला इंजिनेर म्हणत नाहीत. ग्रुपवरही लिहिलं. तिथं मात्र दोन ओळींत उरकलं, कारण लोक लांब वाचत नाहीत. म्हणून इथं सगळं लिहितो आहे.

आणि त्या सोमवारची ती खोटी युक्तीही आता नीट लिहितो, कारण ती अजून कुणाकुणाच्या फोनमध्ये पडून असेल. आवाजाची फाइल ऐकल्याशिवाय पुसू नका. दुसऱ्याच्या फोनमधली तर नाहीच. फोनमधून पुसलेलं परत येईल असं धरून चालू नका. काही ठिकाणी येतं, काही ठिकाणी नाही, आणि ते आधी कळत नाही. लाइट नसेल तर ती येईपर्यंत थांबा. कुणाच्या बोटाला दोष द्यायच्या आधी फोन कुणाच्या हातात होता ते आठवा.

पुतणी पंधरा दिवस राहिली. तिनंच आईला फोन परत हातात धरायला लावला. मी शिकवतो म्हणालो होतो. वहिनींनी नको सांगितलं. पुतणीनं पुण्याला पोचल्यावर मला कळवलं, "काका, आईनं आज स्वतःहून फोन केला. आणि विचारलं, मेसेजवर तारा कसा लावायचा, म्हणजे तो हरवणार नाही."

माझ्याशी त्या बोलत नाहीत. मी रोज सकाळी चहाच्या आधी त्यांना फोन लावतो. तो वाजत राहतो, आणि तेवढ्या वेळात मला पुन्हा ती न्हाणी दिसते, तो गार हात. मग त्या तो मध्येच कापतात. कापला की मी खुर्चीत टेकतो. वहिनी उठल्या आहेत, फोन त्यांच्या हाताशी आहे.